डिझाईनच्या वर्गातला कोड: वाद कुठवर आला?

डिझाईनला प्रवेश घेणाऱ्या बऱ्याच मुलामुलींनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देताना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांत हात बसलेला असतो आणि हाच हात पुढे तारून नेईल असा भरवसाही असतो. मग एखाद्या सत्रात समोर एक रिकामी खिडकी उघडते. डावीकडे कोड लिहायचा, उजवीकडे चित्र उमटणार. एक कंस बंद करायचा राहिला की उजवीकडे काहीच उमटत नाही आणि खाली लाल अक्षरांत एरर येते.

या विषयाला सरसकट ‘क्रिएटिव्ह कोडिंग’ म्हणतात. तो डिझाईनच्या अभ्यासक्रमात असावा का, असला तर कसा शिकवावा, आणि सांगेल तो कोड लिहून देणारी यंत्रं हाताशी असताना त्यातलं शिकण्यासारखं काय उरतं, यावर शिक्षकांत, कलावंतांत आणि व्यवसायातल्या मंडळींत एकमत नाही. वाद आजचा वाटतो, पण त्याला साठ वर्षं झाली आहेत.

स्टुटगार्टपासून

फेब्रुवारी 1965 मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात गेऑर्ग नेस यांनी संगणकाने काढलेली रेखाचित्रं मांडली. नेस सीमेन्स कंपनीत काम करणारे गणिती. चित्रं काढली ती झुझे कंपनीच्या ग्राफोमाट या प्लॉटरने. प्रदर्शन भरवणारे तत्त्वज्ञ माक्स बेन्झ यांना पाहायला आलेल्या चित्रकारांचा राग शांत करण्यासाठी ‘कृत्रिम कला’ असा शब्दप्रयोग करून वेळ मारून न्यावी लागली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत मायकेल नोल आणि बेला युलेश यांचं प्रदर्शन झालं आणि नोव्हेंबरात स्टुटगार्टमध्येच नेस यांच्यासोबत फ्रीडर नाके यांनीही आपली चित्रं लावली.

हे सगळे गणिताच्या किंवा अभियांत्रिकीच्या अंगाने आलेले. चित्रकलेकडून कोडकडे गेलेल्या पहिल्या काही जणांत व्हेरा मोल्नार यांचं नाव घ्यावं लागतं. बुडापेस्टच्या कलाशाळेत शिकून त्या पॅरिसला गेल्या. 1959 च्या सुमारास संगणक हाताशी नसतानाच त्यांनी एक ‘काल्पनिक यंत्र’ मानलं: आधी नियम ठरवायचे आणि मग ते स्वतःच्या हाताने इमानेइतबारे पाळायचे. 1968 मध्ये खरा संगणक मिळाला तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. फोर्ट्रान शिकल्या, आणि 2023 मध्ये वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत काम करत राहिल्या. कलेच्या विद्यार्थ्याने कोड शिकावा का, या प्रश्नावर त्यांचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. एक बाजू म्हणते, बघा, चित्रकार कोड शिकली. दुसरी म्हणते, नियमांनी विचार करायला ती कोडशिवायच शिकली होती.

नाके यांनी या कलेचा पाया फार नेमका सांगितला: संगणकावर घडणारी कलाकृती म्हणजे एखादं चित्र नसून चित्रांची एक अख्खी जात असते. कलावंत नियम रचतो आणि समोर दिसतं ते त्या नियमाचं एक उदाहरण. गंमत म्हणजे ‘संगणक-कला नसावीच’ अशा अर्थाचं टिपण 1971 मध्ये लिहिणारेही हेच नाके. कलाबाजाराला नवी फॅशन पुरवण्यात त्यांना रस नव्हता.

विद्यार्थ्यांसाठी घडलेली साधनं

शिकणाऱ्याचा विचार करून भाषा घडवण्याची परंपरा वेगळी. 1967 मध्ये वॉली फॉयरझाइग, सेमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो ही भाषा केली. मूल वस्तू घडवता घडवता शिकतं, हा पेपर्ट यांचा सिद्धांत आजही या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमाच्या मुळाशी आहे.

डिझाईनच्या विद्यार्थ्यांपर्यंत ही परंपरा आणली जॉन माएडा यांनी. 1999 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून त्यांनी ‘डिझाईन बाय नंबर्स’ ही भाषा आणि त्याच नावाचं पुस्तक आणलं. कॅनव्हास शंभर बाय शंभर ठिपक्यांचा, रंग एकच, करडा, त्याच्या शून्य ते शंभर छटा. एवढ्या तुटपुंज्या साधनात काही सुचतंय का ते पाहा, असा त्यामागचा हेका होता. त्यांचेच विद्यार्थी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं. त्यात प्रोग्रॅमला ‘स्केच’ म्हणतात आणि तो ठेवतात ती जागा म्हणजे ‘स्केचबुक’. चित्रकाराला परकं वाटू नये म्हणून हे शब्द मुद्दाम योजलेले आहेत. 2013 मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी हाती घेतलेल्या पी-फाइव्ह-जेएसने तीच कल्पना थेट ब्राउझरमध्ये आणली. काही बसवायचं नाही, विकत घ्यायचं नाही, पत्ता उघडला की लिहायला लागायचं. आपल्याकडच्या जुनाट लॅब आणि साध्या लॅपटॉपांच्या वर्गात हा विषय रुजला असेल, तर त्याचं मोठं श्रेय या फुकट आणि हलक्या साधनाला जातं.

आपल्याकडचे धागे

भारतातलं डिझाईनचं शिक्षण या इतिहासापासून वाटतं तितकं दूर नाही. वर उल्लेख आलेले बेन्झ 1950 च्या दशकात उल्मच्या डिझाईनशाळेत शिकवत होते. पुढे त्याच शाळेचा ठसा अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईनसंस्थेवर (1961) आणि मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाईन विभागावर (1969) उमटला. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून उल्मला जाऊन आलेले सुधाकर नाडकर्णी आयडीसीच्या उभारणीत आघाडीवर होते. चित्राकडे नियमांची रचना म्हणून पाहण्याची ही शिस्त इथे संगणक यायच्या आधीच आली होती.

मुंबईतच अकबर पदमसी यांनी 1970 च्या सुमारास ‘सिझिजी’ हा आवाज नसलेला अमूर्त ॲनिमेशनपट केला. रेषा आणि बिंदू ठरवलेल्या नियमांनुसार वाढत, जोडले जात जातात. चित्रं हाताने काढलेली आणि ॲनिमेशनला राम मोहन यांची साथ. संगणक कुठेच नाही, तरी आज कोणी हा चित्रपट वर्गात दाखवला तर विद्यार्थी सहज विचारतील, की हा कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केला?

चेन्नईतला धागा याहून सरळ आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी 1974 मध्ये कोलमच्या आकृत्यांसाठी औपचारिक व्याकरण मांडलं. दारातल्या रांगोळीपासून निघून हा अभ्यास संगणकशास्त्राच्या नियतकालिकांपर्यंत पोचला. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर ‘प्रोसेसिंग’मधले स्केच करणारे विद्यार्थी आज पुष्कळ सापडतात. त्यांतले बरेच जण ठिपके मांडून वर सुंदर वेलबुट्टी काढतात आणि थांबतात. एका ठिपक्यावरून दुसऱ्याकडे रेष कधी वळते, याचा नियम शोधायच्या फंदात पडत नाहीत. सिरोमनींचं सगळं काम त्या नियमाचंच होतं.

कोड यावाच का?

पहिला पक्ष माएडांच्या परंपरेतला. दुसऱ्याने बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा डिझायनर त्या सॉफ्टवेअरच्या मेनूत जे आहे तेवढंच कल्पू शकतो, आणि साधनाच्या पोटात शिरायचं तर कोड हवा. याला नोकरीचा मुद्दाही जोडला जातो: ॲप, डेटा-चित्रं, संग्रहालयातले परस्परसंवादी मांडणीशिल्पं, मैफलीमागची दृश्यं या सगळ्यात कोड जाणणारा डिझायनर लागतो.

दुसरा पक्ष कोडचा विरोधक नाही, हे आधी सांगायला हवं. त्यांचं म्हणणं वेळाच्या हिशोबाचं आहे. चार वर्षांच्या पदवीत माणसं समजून घेणं, वस्तू हाताळणं, अक्षररचना, रंग, छपाई आणि लेखन इतकं सगळं बसवायचं. त्यात दोन सत्रं लूप आणि फंक्शनमध्ये गेली तर डिझायनर अर्धा आणि प्रोग्रॅमर पाव, असा माणूस बाहेर पडतो. चांगला डिझायनर आणि चांगला प्रोग्रॅमर एकमेकांशी नीट बोलू शकले की पुरे.

तिसरं मत मधलं दिसतं, पण त्याचा रोख वेगळा आहे. सगळ्यांना कोड लिहिता यायची गरज नाही, वाचता मात्र यायला हवा. समोरच्या चित्रात नियम कुठला, योगायोग कुठला आणि माणसाची निवड कुठली, हे ओळखता आलं पाहिजे. मला हे मत सर्वांत पटतं. मात्र वाचन शिकवायचं तर लिहायला लावावंच लागतं. मग प्रश्न फिरून तिथेच येतो, की किती?

कसा शिकवावा

जुना मार्ग संगणकशास्त्राचा: आधी व्हेरिएबल, मग अट, मग लूप, मग फंक्शन आणि शेवटी कुठे तरी चित्र. ‘प्रोसेसिंग’नंतरच्या पिढीने हा क्रम उलटा केला. पहिल्याच तासाला वर्तुळ काढा, ते माउसच्या बाणामागे पळवा, लूप लागेल तेव्हा शिका. डॅनियल शिफमन यांची पुस्तकं आणि व्हिडिओ यांनी ही पद्धत जगभर नेली. टेगा ब्रेन आणि गोलन लेव्हिन यांच्या 2021 च्या ‘कोड ॲज क्रिएटिव्ह मीडियम’ या पुस्तकात तर विषयाची मांडणीच असाइनमेंटच्या अंगाने आहे. घड्याळ करा, चेहरा करा, कोलाज करणारं यंत्र करा.

या उलट्या क्रमाला शेरी टर्कल आणि पेपर्ट यांच्या 1990 च्या निबंधाचा आधार आहे. आराखडा आखून वरून खाली येणं हीच प्रोग्रॅमिंगची एकमेव रीत नव्हे, तुकडे हाताळत, जोडत, बिघडवत पुढे जाणारेही तितकेच समर्थ असू शकतात, असं त्यांनी मांडलं. स्टुडिओत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे लगेच आपलं वाटतं.

यावरचा आक्षेपही दुर्लक्षण्याजोगा नाही. उदाहरणातला कोड उचलायचा, दोन आकडे बदलायचे आणि छान दिसलं की जमा करायचं, अशी सवय त्यातूनच लागते. परिणामी सगळ्यांचं काम सारखं दिसू लागतं. केन पर्लिन यांनी ‘ट्रॉन’ या चित्रपटाच्या कामानंतर 1980 च्या दशकारंभी शोधलेलं ‘पर्लिन नॉइज’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच्या जोरावर वाऱ्यात वाहत गेल्यासारख्या रेघांचे पट दहा ओळींत काढता येतात, आणि म्हणून ते प्रत्येक बॅचच्या प्रदर्शनात असतातच.

नेस यांचं 1968 चं ‘श्कॉटर’, म्हणजे ‘खडी’, हे चित्र वर्गात पुन्हा करून घेणं हा या दोन पद्धतींमधला चांगला दुवा ठरतो. ओळीत बारा चौकोन, अशा बावीस ओळी. वरचे चौकोन शिस्तीत उभे, खाली येतायेता कलंडत, सरकत जातात आणि तळाशी नुसता ढिगारा. कोड वीसेक ओळींचा: बाहेरचा लूप ओळी मोजतो, आतला चौकोन मोजतो, आणि प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला आलेला रँडम आकडा ओळीच्या क्रमांकाने गुणायचा. इथवर बहुतेक जण पोचतात. पण अशी पडझड दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासूनच जाणवू लागते. क्रमांकाऐवजी क्रमांकाचा वर्ग घेतला तर वरचा अर्धा भाग शांत राहतो आणि शिस्त उशिरा, पण झपाट्याने मोडते. दोन्हींत चूक कुठलंच नाही. कोणतं हवं, हे ठरवायला चित्राकडे पाहावं लागतं आणि पाहून झाल्यावर आकड्याकडे परतावं लागतं. गणित सुटलेला विद्यार्थी आकड्याचा वर्ग म्हणजे काय हे इथे डोळ्यांनी शिकतो. या एका सरावात विषयाचं बरंचसं सार येतं, असं माझं मत आहे.

मजकुराचा कोड हवा की टच-डिझायनर, ग्रासहॉपर यांसारख्या साधनांतले तारांनी जोडलेले डबे, हा उपवाद आहे. तो मुख्यतः सोयीचा आहे आणि शाळांनी तो व्यवहारात केव्हाच मिटवलाय. दोन्ही शिकवतात.

यंत्र कोड लिहू लागल्यावर

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि वरच्या सगळ्या वादाचं पान उलटलं. ‘खडी’ची वीस ओळींची करामत आता एका वाक्यात मिळते. 2025 च्या सुरुवातीला आंद्रे कार्पाथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला: काय हवं ते बोलायचं, आलेला कोड फारसा न वाचता चालवायचा.

याचं स्वागत करणारे म्हणतात, की कंस आणि एरर यांनीच कलेच्या विद्यार्थ्यांना आजवर पळवून लावलं. तो उंबरा गेला तर कल्पनेला वाव मिळेल. इंग्रजी मदतपानं वाचताना अडखळणाऱ्या मुलाला मराठीत विचारून उत्तर मिळतं, हा लाभही लहान नाही. चिंता करणाऱ्यांचं म्हणणं असं, की या माध्यमातली नवी कल्पना बहुधा अडखळण्यातूनच निघते. चुकीचं चिन्ह पडलं, चौकोन कॅनव्हासबाहेर उडाले, आणि तेच बरं दिसलं! यंत्राने दिलेला कोड पहिल्याच फटक्यात नीट चालतो आणि सरासरीकडे झुकलेला असतो. पर्लिन नॉइजच्या रेघा आता आणखी वाढतील.

पुरावा काय म्हणतो? डिझाईनच्या वर्गाला थेट लागू करता येईल असा भरभक्कम पुरावा अजून नाही. जवळचा म्हणून ज्याचा हवाला दिला जातो तो तुर्कस्तानातल्या एका शाळेतला, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला, पण गणिताच्या विषयातला. साधं चॅटजीपीटीसारखं साधन मिळालेल्या मुलांनी सरावात 48 टक्के जास्त गुण मिळवले, पण साधन काढून घेतल्यावरच्या परीक्षेत ती इतरांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता इशारे देणारं साधन ज्यांना मिळालं, त्यांचं हे नुकसान बहुतांशी टळलं. यावरून कोडबद्दल निष्कर्ष काढताना जपून राहावं लागेल. गणिताच्या परीक्षेत उत्तर एक असतं, ‘खडी’त क्रमांक की वर्ग याला एक उत्तर नसतं. यंत्राकडून लूप लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो प्रश्न विचारायचं सुचतं की नाही, यावर सगळं अडतं. आणि ज्याने एकदाही हाताने लूप लिहिला नाही त्याला ते सुचतं का, हे कोणी पद्धतशीर तपासलेलं नाही.

गुण कशाला, मालकी कोणाची

ज्युरीपुढचा पेच यातूनच येतो. गुण पडद्यावरच्या चित्राला द्यायचे, कोडला की वाटचालीला? कोड गबाळा असूनही चित्र जिवंत असू शकतं, आणि नीटस कोडमधून मुर्दाड चित्र येऊ शकतं. नाके म्हणतात तशी कलाकृती ही चित्रांची जात असेल, तर एक निवडक छापील प्रत दाखवून काय कळणार? यावरचा एक उपाय बाजाराने नकळत दिला. 2020 मध्ये सुरू झालेल्या आर्ट ब्लॉक्स या संकेतस्थळावर कलावंत कोड देतो आणि कोणतं चित्र निघेल ते खरेदीच्या क्षणी ठरतं. टायलर हॉब्ज यांच्या 2021 च्या ‘फिडेन्झा’ची अशी 999 चित्रं आहेत आणि एकही त्यांनी वेचून घेतलेलं नाही. एनएफटीचा, म्हणजे डिजिटल मालकीच्या टोकनांचा, तो बाजार पुढे चांगलाच बसला, पण विद्यार्थ्याकडून सलग पन्नास फलितं मागून घेण्याची कसोटी वर्गासाठी अजून वापरण्याजोगी आहे. भाग्याने जुळलेलं आणि नियमाने जुळलेलं यातला फरक तीत उघडा पडतो.

मालकीच्या प्रश्नाचाही इतिहास आहे. 1960 च्या दशकात नोल आपल्या चित्राची अमेरिकेत कॉपीराइट-नोंदणी करायला गेले तेव्हा चित्र यंत्राने केलंय म्हणून आधी नकार मिळाला आणि समजावून सांगितल्यावर नोंद झाली. भारतीय कायदा तुलनेने स्पष्ट आहे: 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पुढे केलेल्या दुरुस्त्यांनुसार संगणकाचा प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ धरली जाते, आणि संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण व्हायला कारण ठरलेली व्यक्ती. (कोड लिहिणारा विद्यार्थी कायद्याने साहित्यिक ठरतो, हे त्याच्या आईवडिलांना सांगायला हरकत नाही.) पण वाक्य टंकणारा विद्यार्थी, यंत्र बनवणारी कंपनी आणि ज्यांच्या कोडवर ते यंत्र पोसलं ते हजारो अनाम लोक, यांतलं ‘कारण’ कोण, याचं उत्तर हे कलम देत नाही.

टिकाऊपणाची बाजू अजूनच कच्ची आहे. 2020 च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि एका पिढीचे पोर्टफोलिओ एका रात्रीत उघडेनासे झाले. ब्राउझरमधले जावा ॲपलेट त्याआधीच गेले होते. नेस आणि मोल्नार यांची प्लॉटरवरचे कागद मात्र संग्रहालयांत शाबूत आहेत.

देवनागरीशी अडलेलं

मराठी विद्यार्थ्याला एक अडचण अशी येते, की ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. अक्षरं विखुरणं हा या विषयातला अगदी बाळबोध सराव: शब्द घ्या, एकेक अक्षर वेगळं करा, उडवा. ‘स्त्री’ हा शब्द दिला तर जावास्क्रिप्ट त्याची लांबी सहा सांगते: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची वेलांटी. पडद्यावर सहा सुटे अवयव उडतात आणि त्यांत वाचता येण्याजोगं अक्षर उरत नाही. अक्षरांच्या बाह्यरेषांचे ठिपके काढायला गेलं तर पी-फाइव्हच्या जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते.

यातला अर्धा प्रश्न सुटलाय. युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीपासून जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम आला आणि नवे ब्राउझर शब्दाचे तुकडे त्यानुसार पाडू शकतात. उरलेला अर्धा, म्हणजे जोडाक्षराच्या नेमक्या आकाराची रेष मिळवणं, त्यासाठी हार्फबझसारखं अक्षरजुळणीचं इंजिन कोडला जोडावं लागतं. ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं काम नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी असाइनमेंट रोमन अक्षरांत उरकली जाते. आयडीसीत शिकवलेल्या र. कृ. जोशींनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फाँट केला तेव्हा सुलेखनकाराला यंत्राचे नियम समजून घ्यावे लागले होते. आता तेच काम ठिपके आणि रेषा हलवणाऱ्या साधनांसाठी करायचं झालं, तर ते अक्षर जाणणाऱ्या प्रोग्रॅमरने करायचं की कोड जाणणाऱ्या सुलेखनकाराने, आणि या दोघांपैकी कोणाला घडवण्याची तयारी आपल्या डिझाईनशाळांच्या चार वर्षांत आहे, यावर अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांची चर्चा अजून सुरू व्हायची आहे.